उदास संध्याकाळी कोणता सिनेमा?

प्रश्न : कामावरून आलं की मन उदास होतं. सिनेमा शोधण्यातच तास जातो. काय लावावं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : शोधत बसू नका, थकलेल्या डोक्याला निवड झेपत नाही. दोन सिनेमे रविवारीच ठरवून ठेवा, तेही आधी पाहिलेले. पुढचं ठाऊक असलं की जीव टांगणीला लागत नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. भाड्याच्या खोलीसाठी परशा आणि सुधीर साड्या नेसून पार्वती-सुधा होतात, तिथून हसू आवरत नाही. हिंदीत 'गोलमाल' (१९७९). एका मिशीवर अख्खा सिनेमा उभा! साडेआठलाच लावा, उशीर केलात तर झोप बोंबलते. कडक भाकरी, शेंगाचटणी हाताशी. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांना भेटा.