ब्रिटनने घट फोडला नाही, चिठ्ठी दिली

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या एका वाचकबाईंचा प्रश्न आहे: "आमच्या मराठी मंडळातर्फे इथे नव्याने येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक काढतोय. युरोपियन युनियनमधल्या देशांना 'सदस्य देश' म्हणावं, 'सभासद राष्ट्रं' की 'घटक देश'? आणि ब्रिटनबद्दल लिहिताना 'घटस्फोट' हा शब्द चालेल ना? सगळीकडे तोच वाचलाय."

पहिल्याचं उत्तर: सदस्य देश. दुसऱ्याचं: नाही, नाही आणि नाही.

"सगळीकडे तोच वाचलाय" हेच तर दुखणं आहे. जून २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये सार्वमत झालं, ५१.९ टक्के लोकांनी 'बाहेर पडा' म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून आपल्याकडे 'ब्रिटनचा युरोपशी घटस्फोट' सुरू झाला. त्यात पुन्हा 'युरोपशी'! म्हणजे इंग्लिश खाडी रातोरात रुंदावली आणि ते बेट अटलांटिकमध्ये वाहत गेलं की काय? स्वित्झर्लंड युरोपात आहे आणि युनियनमध्ये नाही, नॉर्वेचंही तसंच. युरोप हा खंड आहे, युनियन ही त्यातल्या २७ देशांनी करारांनी उभी केलेली संस्था आहे. एका दैनिकाला मी तेव्हा याबद्दल पत्र पाठवलं होतं. ते छापून आलं नाही, पण त्याच आठवड्यात 'युरोपशी काडीमोड' असं शीर्षक आलं. निम्मी सुधारणा झाली असं मी समजलो. निम्मी का, ते पुढे सांगतो.

आधी 'सदस्य', कारण त्यात गंमत आहे. मुळात संस्कृतातला 'सद्' हा धातू, म्हणजे बसणे. सोमयागात 'सदस्' नावाचा मंडप घालत, त्याच्या मधोमध उंबराचा खांब. त्यात बसणारा तो सदस्य. यज्ञाचे ऋत्विज, म्हणजे पुरोहित, सोळा. कौषीतकी शाखेवाले म्हणत, सतरावाही हवा, आणि हा सतरावा म्हणजेच 'सदस्य'. त्याचं काम काय? आपस्तंब श्रौतसूत्रात सांगितलंय: 'स कर्मणामुपद्रष्टा भवति'. तो कर्मावर नजर ठेवतो. मंत्र दुसरे म्हणणार, आहुती दुसरे देणार, हा बसून बघणार. 'शतपथ ब्राह्मण' हा ग्रंथ तर बजावतो की सतरावा ऋत्विज नेमूच नये. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी कुठल्या समितीचं सदस्यपद भूषवलंय त्यांना या वादात नवीन काही वाटणार नाही.

याच धातूची पोरं म्हणजे संसद, परिषद, उपनिषद. लॅटिनमध्ये तोच धातू 'सेदेरे' होऊन बसला आणि त्यातून इंग्रजीचा 'सेशन' आला. आता बघा, 'सेशन्स कोर्टा'ला आपण म्हणतो 'सत्र न्यायालय'. सत्र म्हणजे मूळचं 'सत्त्र', दिवसेंदिवस चालणारी यज्ञाची बैठक, आणि तेही 'सद्'वरूनच! ज्याने कुणी हे भाषांतर केलं त्याला हे ठाऊक होतं की सहज साधलं, देव जाणे, पण एकाच झाडाच्या दोन फांद्या पाच हजार मैलांवरून येऊन एकमेकींना टेकल्या. असं भाषांतर मला एकदा जरी जमलं असतं तरी मी उरलेलं आयुष्य पान खात काढलं असतं.

तर सदस्य म्हणजे बसणारा, आणि बसलेला माणूस उठू शकतो. 'घटक'चं तसं नाही. 'घट्' म्हणजे जुळणे, घडणे. घडवणे, घडामोड, घटना ही सगळी त्याच कुळातली. घटक म्हणजे ज्यांच्या जुळणीतून वस्तू बनते तो भाग. भिंतीतल्या विटेला "मी निघते" असं म्हणता येत नाही. म्हणून महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक ही भारताची 'घटकराज्यं', आणि हा शब्द अगदी चपखल आहे. आपल्या संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा 'राज्यांचा संघ' आहे. 'फेडरेशन' न म्हणता 'युनियन' का म्हटलं, ते आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सांगितलं: हा संघ राज्यांनी आपसात करार करून बनलेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला त्यातून फुटून निघायचा अधिकार नाही. इंग्रजी शब्द इथेही युनियन, तिथेही युनियन. पण युरोपच्या युनियनला कलम ५० नावाचं दार आहे, लिस्बन करारातून आलेलं, १ डिसेंबर २००९ पासून लागू. दार आहे म्हणून ते 'सदस्य'. आपल्याला दार नाही म्हणून आपण 'घटक'. जर्मनीच्या घटना न्यायालयाला तर १९९३ मध्ये या युनियनसाठी संघराज्यही नको होतं आणि राज्यसंघही (म्हणजे स्वतंत्र राज्यांची सैल युती) नको होता, म्हणून त्यांनी 'श्टाटेनफेरबुंड', साधारण 'राज्यांची जोडणी', असा तिसराच शब्द वापरला. आपले लोक मात्र 'महासंघ' म्हणून मोकळे होतात. महासंघ शिक्षकांचा असतो, रिक्षाचालकांचा असतो.

आता घटस्फोट.

या शब्दाची एक व्युत्पत्ती हल्ली फार फिरते. लग्नाआधी पत्रिका बघतात, छत्तीस गुणांचं 'घटित' जुळवतात, ते घटित फुटलं की घटस्फोट. ऐकायला गोड आहे. मोठमोठ्या लोकांनी व्यासपीठांवरून सांगितलेली आहे. त्यांच्या व्यासंगाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो: ही थाप आहे. घटित फुटलं असतं तर शब्द 'घटितस्फोट' झाला असता. आणि घटित मोडतं, फुटत नाही. फुटतं ते मडकं. घट म्हणजे मडकं, पाण्याने भरलेलं, खरंखुरं, मातीचं.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हा विधी आहे. घोर पातक करून जो 'पतित' झाला आणि प्रायश्चित्त घेत नाही, त्याचे सपिंड (जवळचे रक्ताचे नातेवाईक) आणि बांधव अशुभ दिवशी, संध्याकाळी, गावाबाहेर जमतात. ज्ञाती, ऋत्विज, गुरू साक्षीला. मग 'दासी घटमपां पूर्णं पर्यस्येत्प्रेतवत्पदा': मेलेल्यासाठी करतात तसं, पाण्याने भरलेला घट दासीने पायाने उलटवायचा. घरच्यांनी एक दिवस-रात्र सुतक पाळायचं. तो माणूस गावात धडधाकट फिरतोय, जेवतोय, आणि इकडे त्याचं सुतक! स्मशानात खांद्यावरचं मडकं दगडाने टोचून, पाण्याची धार सोडत चितेभोवती फिरताना ज्यांनी कुणाला पाहिलंय, आणि तिसऱ्या फेरीनंतर मागे न बघता टाकलेल्या मडक्याचा तो आवाज ऐकलाय, त्यांना 'प्रेतवत्' म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. (मनूचा घट उलटतो, फुटतो नंतरच्या काळात. पण पायाने लाथाडलेलं मडकं किती वेळ धड राहणार?)

आता पुढचं बघा, याच्यासाठीच हे सगळं लिहितोय. घट उलटल्यावर त्या माणसाचं काय काय बंद होतं? मनूने यादी दिली आहे: त्याच्याशी बोलणं, वारसाहक्काचा वाटा, लौकिक व्यवहार, आणि 'सहासन', म्हणजे शेजारी बसणं. बसणं जातं! सदस्यत्व जातं ते असं.

म्हणजे घटस्फोट कोण करतो? ज्ञातिबांधव. कुणाचा? एकाचा. त्याला विचारून? मुळीच नाही. घटस्फोट म्हणजे हकालपट्टी. नवराबायकोशी त्याचा आरंभी काही संबंध नव्हता, तो अर्थ पुढे चिकटला.

आणि युरोपियन युनियनच्या करारांत नेमकी हीच एक गोष्ट नाही. सदस्य देशाला उठून जाता येतं, पण बाकीच्यांनी मिळून हाकलायची तरतूदच नाही. फार झालं तर कलम ७ खाली त्याचा मताधिकार थांबवता येतो, म्हणजे पंगतीत बसू द्यायचं पण वाढायचं नाही. पोलंडविरुद्ध २०१७ मध्ये आणि हंगेरीविरुद्ध २०१८ मध्ये त्या कलमाखाली प्रक्रिया सुरू झाली, पण मताधिकार थांबवण्यापर्यंत मजल गेली नाही. तेव्हा ज्या संस्थेत घट फोडताच येत नाही, तिच्या संदर्भात आपण बारा महिने चोवीस तास घटस्फोट घटस्फोट करतो. धन्य आहे.

मग कुठला शब्द? 'काडीमोड'ला मी निम्मे गुण दिले ते यासाठी की तो निदान दोघांमधला आहे. पंचांसमोर काडी मोडली, दोघं मोकळे. पण काडी एका क्षणात मोडते. ब्रिटनला सार्वमतापासून साडेतीन वर्षांहून जास्त लागली. उठले ते ३१ जानेवारी २०२० ला, ब्रुसेल्सच्या घड्याळात मध्यरात्र असताना.

माझा शब्द आहे 'सोडचिठ्ठी'. हसू नका. कलम ५० म्हणतं काय? ज्याला जायचंय त्याने तसं कळवायचं. २९ मार्च २०१७ ला तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान टेरेसा मे यांच्या सहीचं सहा पानी पत्र ब्रिटनचे युनियनमधले राजदूत टिम बॅरो यांनी ब्रुसेल्समध्ये युरोपियन कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड टुस्क यांच्या हातात नेऊन दिलं. टपालाने नाही, ईमेलने नाही, हातात. चिठ्ठी! सोडल्याची चिठ्ठी! जगाच्या इतिहासात सोडचिठ्ठी हा शब्द इतका अक्षरशः खरा क्वचितच झाला असेल, आणि आमचे बातमीदार मडकी शोधत बसले. सोडचिठ्ठीला समोरच्याची संमती लागत नाही, कलम ५० लाही नाही. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये युरोपियन न्यायालयाने असंही सांगितलं की बाहेर पडण्याआधी ब्रिटनला हे पत्र एकतर्फी मागेही घेता येईल. चिठ्ठी मागे घेता येते. सांडलेलं पाणी कुणी मागे घेऊन दाखवावं.

आणि पैशाच्या हिशेबासाठीही आपल्याकडे शब्द तयार आहे: फारखत. बाहेर पडण्याच्या कराराचा नोव्हेंबर २०१८ मधला मसुदा ५८५ पानांचा होता. जुनी देणी-घेणी त्यातच, ब्रिटिश सरकारचा तेव्हाचा अंदाज ३५ ते ३९ अब्ज पौंडांचा. ही अस्सल फारखत आहे. 'फारिग' म्हणजे अरबीत मोकळा झालेला, आणि 'खत' म्हणजे लेख, आपल्या खरेदीखतातलं आणि कर्जखतातलं. देणं फिटलं, मोकळा झालास, असं लिहून दिलेला कागद. काही अभ्यासक 'फारकत' लिहून ती अरबी 'फुर्कत'शी, म्हणजे विरहाशी जोडतात. त्यांना मी एवढंच विचारतो: मग जुन्या कागदांतल्या 'फारखती'त 'ख' कुठून आला? विरहात उसासा जरा जोरात सुटला म्हणून? आज आपण 'फारकत घेणे' म्हणतो तो 'क' मागाहून ओठांवर झिजून आलेला आहे. यावर पत्रं येणार हे माहीत आहे. येऊ द्या.

जाता जाता गोव्याचं सांगतो. १९६१ पूर्वीच्या गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं यांच्यापैकी अनेकांनी पोर्तुगालचं नागरिकत्व नोंदवलं. पोर्तुगाल १९८६ पासून सदस्य, म्हणून हातात पोर्तुगीज पासपोर्ट आला की राहायला इंग्लंडमधलं स्विंडन मोकळं. ब्रिटन उठलं तेव्हा या गोवेकरांना तिथे राहण्यासाठी नव्याने अर्ज भरावे लागले. मडगावची माणसं लिस्बनच्या कागदावर स्विंडनला, आणि चिठ्ठी दिली कुणी तर लंडनने.

आणि मनूने परतीची वाटही ठेवली होती, ते सांगायचं राहत होतं. पतिताने प्रायश्चित्त घेतलं की बांधवांनी त्याच्यासोबत पवित्र जलाशयात स्नान करायचं आणि पाण्याने भरलेला नवा कुंभ त्याच्याबरोबर त्या पाण्यात सोडायचा. युनियनमध्ये परतायचं असेल तर नवा कुंभ वगैरे काही नाही. कलम ४९ खाली पहिल्यापासून अर्ज, इतर कुणाही नवख्या देशासारखा. १९७३ पासूनची सत्तेचाळीस वर्षं जमेला धरत नाहीत.

ता. क. 'सभासद राष्ट्रं' असंही विचारलं होतंत. 'सद्' त्यातही आहे, व्याकरणाने चूक काहीच नाही. पण सभासद म्हटलं की मला वर्गणीची थकबाकी आठवते. तो शब्द तुमच्या मंडळाच्या पावतीपुस्तकात ठेवा.