फियाटचा पंप आणि दुधाची बाटली

प्रश्न : वडिलांची १९७१ची फियाट अकराशे माझ्याकडे आहे. वाईत आणि सपाटीवर झकास पळते. पसरणी घाटात मात्र अर्ध्यावर गेली की झटके मारते, ॲक्सिलरेटर दाबावा तसतशी गळपटते आणि बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मेकॅनिक म्हणतो, पेट्रोलची वाफ धरते. पण डिसेंबरात पहाटे, थंडीने हात गारठलेले असतानाही हेच झालं. दोन पंप बदलून झाले. आता तो इलेक्ट्रिक पंप टाका म्हणतोय. टाकू का?
– एक वाचक, वाई

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ती डिसेंबरातली पहाट. वाफ धरायला, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडायला, उष्णता लागते. एप्रिलच्या दुपारी पसरणीत वाफ धरली म्हणाला असतात तर मी मान डोलावली असती. मला वाटतं, तुमची गाडी फडक्याने चालू होत नाही, दहा मिनिटांनी चालू होते. पुढच्या वेळी फडकं न टाकता नुसतं थांबून बघा.

आता पंपाकडे वळू. या गाडीचा पडद्याचा पंप, ज्याला गॅरेजात सगळे (कंपनीच्या नावावरून) एसी पंप म्हणतात, इंजिनाच्या कुशीला बसतो. कॅमशाफ्ट फिरते तसा त्याचा दांडा हलतो आणि पडदा खाली ओढतो. तेव्हा टाकीतून पेट्रोल येतं. ते पुढे ढकलण्याचं काम मात्र दांडा करत नाही, पडद्याखालची स्प्रिंग करते. कार्बोरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची, वाटी भरून नीडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) बसली की पडदा खालीच थांबतो आणि दांडा नुसताच हलत राहतो. म्हणजे दाब किती, हे स्प्रिंगवर. पेट्रोल किती येणार, हे पंपाच्या व्हॉल्व्हवर आणि टाकीपासूनच्या सगळ्या वाटेवर. वाट अर्धी तुंबलेली असली तरी उभ्या गाडीवर दाबाचा गेज छान तीन पौंड (चौरस इंचाला) दाखवतो, कारण तिथे पेट्रोल लागतंच कितीसं! घाटात लागतं, आणि तिथे गेज बघायला कोणी नसतं.

म्हणून दोन्ही मोजायचं. इंजिन थंड, गाडी उघड्यावर, आग विझवायचा सिलिंडर हाताशी, आणि आसपास कोणाच्या हातात विडी नको.

दाबासाठी कार्बोरेटरजवळ रबरी नळीत टी-आकाराचा जोड घालून गेज लावा. गेज शून्य ते दहा पौंडांचा हवा. हवेच्या कॉम्प्रेसरचा शंभर पौंडी गेज लावून तीन पौंड वाचणं म्हणजे धान्याच्या काट्यावर अंगठी तोलणं. गाडी जागीच, गिअर न टाकता, रिकामी चालू ठेवा. अडीच ते साडेतीन पौंड मिळाला की मी पंपाच्या स्प्रिंगला पुढे काही विचारत नाही. मग इंजिन बंद करून काटा बघा. तो काही मिनिटं तग धरतो. धाडकन पडला तर गेज आणि कार्बोरेटर यांच्यामधली नळी चिमट्याने दाबून पुन्हा तेच करा. आता टिकला तर नीडल गळतेय. तरीही पडला तर पंपाचा व्हॉल्व्ह.

प्रवाहासाठी माझ्याकडे बाळाची जुनी काचेची दुधाची बाटली आहे, २४० मिलीची. मुलगी मोठी झाली आणि बाटली गॅरेजात आली. बाजूला उठावदार आकडे आहेत, ते ग्रीसच्या हातांनीही पुसले जात नाहीत. (घरात तिचा हिशेब अजून द्यावा लागतो.) कार्बोरेटरची नळी सोडून तिला हातभर लांब नळी जोडायची आणि बाटली सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला जमिनीवर ठेवायची. गाडी चालू करायची. कार्बोरेटरच्या वाटीत असतं तेवढ्यावर ती रिकामी मिनिटभर तरी चालते, आपल्याला अर्धंच मिनिट हवंय. कोणीतरी घड्याळ धरा. अर्ध्या मिनिटात दोनशे मिली आलं तर मी पास करतो. दीडशेच्या खाली आलं की शोध सुरू. धार ठोक्याठोक्याने, पण भरीव पडायला हवी. फेसाळ आली, बुडबुडे आले, तर कुठूनतरी हवा ओढतेय.

दोनशेच का? तुमच्या इंजिनाची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. पूर्ण जोर लावला तर एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २३० ग्रॅम पेट्रोल धरा. म्हणजे तासाला नऊ-सव्वानऊ किलो, बारा-साडेबारा लिटर; मिनिटाला दोनशे मिली. अर्ध्या मिनिटात दोनशे देणारा पंप गरजेच्या दुप्पट देतोय. सपाटीवर साठच्या वेगाने, लिटरला बारा किलोमीटरने, मिनिटाला ८०-८५ मिली पुरतात. म्हणून तर पंप निम्मा मेला तरी वाईत कळत नाही.

आता खरी परीक्षा. बाटलीत कमी आलं तर लगेच पंप उतरवू नका. पंपाकडे येणारी नळी सोडून एका छोट्या डब्यातल्या स्वच्छ पेट्रोलमध्ये दुसरी नळी बुडवा, ती पंपाला जोडा आणि पुन्हा मोजा. धार सुधारली तर पंप निर्दोष, चोर मागे आहे. मागे म्हणजे टाकीच्या तळाचा गाळ, लोखंडी पाइपातला गंज किंवा जोडावरची तडकलेली रबरी नळी. ही नळी फसवते, कारण ओढणीच्या बाजूची चीर बाहेर थेंबही सांडत नाही, आत हवा घेते. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलशी जुन्या रबराचं जमत नाही. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या.

पण या सगळ्याआधी, फुकटात, टाकीचं झाकण बघा. माझ्यावर एकदा ही नामुष्की आलीय. एका गिऱ्हाइकाच्या फियाटला मी तीन पंप बदलले, कार्बोरेटर दोनदा खोलला. शेवटी रस्त्यावर गाडी बंद पडली तेव्हा तोच उतरून मागे गेला आणि पेट्रोल किती उरलंय बघायला झाकण फिरवलं. फुस्स! त्याने हौसेने कुलपाचं नवं झाकण बसवलं होतं, त्याला हवेचं भोकच नव्हतं. पेट्रोल उपसलं जात होतं, जागी हवा येत नव्हती. पंपाने किती ओढावं? थांबलं की हळूहळू हवा शिरे आणि गाडी पुन्हा चाले. तुमचीही दहा मिनिटं तीच असतील असा माझा अंदाज आहे. पुढच्या वेळी घाटात बंद पडली की बॉनेट नंतर उघडा, आधी झाकण उघडून कान द्या.

इलेक्ट्रिक पंपाचं म्हणाल तर वाट तुंबलेली असेल तर तोही उपाशीच राहील. आणि घातलाच तर कार्बोरेटरसाठी असतो तो, दोन ते चार पौंडांचा. इंजेक्शनच्या गाडीतला काढून बसवला तर तो चाळीस पौंडांनी ढकलतो. नीडल उचलली जाऊन पेट्रोल गरम इंजिनावर सांडेल. तुमचे काढलेले दोन्ही पंप टाकले नसाल तर जपून ठेवा. बहुधा चांगले आहेत.

एक राहिलं. ऑइलची पट्टी काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. मग मोजमाप बाजूला ठेवा, गाडी चालवू नका. पंप आणि ऑइल दोन्ही बदला.

प्रश्न : मॉरिस मायनरचा पंप चावी फिरवल्यावर टकटक करतो, तो इंजिन चालू न करताही थांबत नाही. गाडी चालते. दुर्लक्ष करू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. तुमचा एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप बोलका आहे, त्याचं ऐका. वाटी भरेपर्यंत भराभर टकटक आणि मग गप्प, ही त्याची रीत. अधूनमधून एखादी टक चालेल. कायम भराभर वाजत असेल तर हवा ओढतोय. बाहेरच्या नळीचं तोंड पेट्रोलमध्ये बुडवा, बुडबुडे थांबत नसतील तर पंपाआधीचे जोड आवळा. सावकाश पण अखंड वाजत असेल तर पंपाचं बाहेरचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा. गप्प झाला तर कार्बोरेटरची नीडल गळतेय, वाजतच राहिला तर पंपाचाच व्हॉल्व्ह पेट्रोल मागे सोडतोय. आणि एखाद्या सकाळी अजिबात वाजला नाही, तर पान्याच्या दांडीने हलकी टिचकी मारा. घरी पोचाल. मग बॅटरीची वायर काढून, टोपणाखालचे पॉइंट (वीज जोडणारी-तोडणारी टोकं) कागदाची पट्टी ओढून साफ करा.