गुडघ्याखालच्या पायाचे चार कप्पे: सुरुवात इथून कर

स्नायूंची नावं नंतर पाठ कर. आधी गुडघ्याखालचा आडवा छेद स्वतःच्या हाताने काढ: पुढचा, बाहेरचा, मागचा वरवरचा आणि मागचा खोल, असे 4 कप्पे. त्यांचं आवरण फारसं ताणत नाही, म्हणून आत सूज आली की दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. यालाच कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात.

असा रुग्ण बघताना नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पावलाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहतात. ती बऱ्याच उशिरापर्यंत लागते!
- दुखापतीच्या मानाने जास्त दुखणं मनावर घेत नाहीत. पायाचा अंगठा हळूच खाली वाकव. नडगीच्या बाजूला जीवघेणी कळ आली तर सीनियरला ताबडतोब बोलव. अंगठ्याशेजारच्या बेचक्यात स्पर्श कळतो का, तेही बघ.
- पाय उशीवर उंच ठेवतात. हृदयाच्या पातळीवरच राहू दे.

दाबाचे आकडे पुढे शिकशीलच.