गर्भातले रिसेप्टर शोधायचेत, पण पोट भरेल का?

प्रश्न: माझी मुलगी नाशिकमध्येच बीएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गर्भाच्या पेशींवरचे नवे रिसेप्टर शोधायचे, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. घरचे म्हणतात, बीएड कर. या विषयात शोधण्यासारखं काही उरलंय का? आणि पोट भरेल का?
– एक आई, इंदिरानगर

ताई,

भरपूर उरलंय. गर्भ वाढताना पेशी एकमेकींना निरोप धाडतात आणि तो झेलायला पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असावा लागतो. कुठला निरोप कुठला रिसेप्टर झेलतो, हे जुळवायलाच वर्षं जातात. विंट हे निरोप देणाऱ्या प्रथिनांचं एक कुळ. त्यातलं पहिलं जनुक उंदरात 1982 साली सापडलं. फ्रिझल्ड हा विंटचा निरोप झेलणारा रिसेप्टर, हे कळायला 1996 उजाडलं.

दुसरं उदाहरण एपीजे या रिसेप्टरचं. तो 1993 पासून माहीत होता. 1998 मध्ये अपेलिन हा त्याचा जोडीदार, म्हणजे त्याला निरोप देणारा रेणू, मिळाला आणि विषय मिटला असं वाटलं. पण झेब्राफिश या छोट्या माशाच्या गर्भात हा रिसेप्टर बिघडला की हृदयच धड बनत नव्हतं, आणि अपेलिन तर त्या टप्प्यानंतर तयार होत होतं. वेळ जुळेना. शेवटी 2013-14 मध्ये टॉडलर नावाचं छोटं प्रथिन हाती लागलं. ते नसलेले गर्भ आणि रिसेप्टर नसलेले गर्भ दिसायला सारखेच! म्हणजे त्या टप्प्यावरचा निरोप टॉडलरच देत होतं. तुमच्या लेकीला हेच काम करायचंय, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

मात्र आधी हाताला काम आवडतंय का ते तिला पाहू द्या. सरांना विचारून हॅचरीतून फलित अंडी आणावीत (दुकानातली चालत नाहीत), कॉलेजच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवावीत आणि तिसऱ्या दिवशी कवच उघडावं. पिवळ्या बलकावर लाल रक्तवाहिन्यांचं जाळं आणि मधोमध धडधडणारा ठिपका दिसेल. कवच कापताना पहिली काही अंडी फुटतीलच. तरीही ती पुढचं अंडं उचलते का, हे बघा. मार्कशीटपेक्षा मी यावर जास्त विसंबेन.

दिवाळीनंतर विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपवर नजर ठेवा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत झेब्राफिश, हायड्रा (गोड्या पाण्यातला छोटा जीव) आणि फळमाशीवर काम चालतं. नाशिकहून ते काही लांब नाही. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी किंवा आयसर या केंद्रीय विज्ञानसंस्थेची इंटिग्रेटेड पीएचडी (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र), असे दोन्ही रस्ते आहेत.

आता पैशांचं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. पण पीएचडी हातात पडेपर्यंत ती अठ्ठावीसची होईल, आणि प्राध्यापकाच्या जागा थोड्याच असतात, हे लपवत नाही. दुसरी बाजू अशी की कितीतरी औषधं रिसेप्टरवरच काम करतात, त्यामुळे हे शिकलेल्यांना पुण्या-हैदराबादच्या औषध कंपन्यांतही वाव असतो.

बीएड एमएस्सीनंतरही करता येतं. तेवढ्यासाठी आत्ता तिला अडवू नका. फक्त लग्नाचा विषय आणि पीएचडीची वर्षं यांची सांगड कशी घालायची, हे घरात आजच तिच्यासमोर बोलून घ्या.