शिक्षा किती, हाही स्वातंत्र्याचाच प्रश्न

प्रश्न : अभिव्यक्तिस्वातंत्र्याला कायद्याच्या मर्यादा असतात आणि त्या ओलांडणाऱ्याला शिक्षा होते, हे मला मान्य आहे. परंतु गुन्हा शाबीत झाल्यावर शिक्षा किती द्यावी, हा प्रश्न स्वातंत्र्याचा कसा ठरतो? जो मर्यादेत राहून लिहितो, त्याला शिक्षेच्या कडकपणाची भीती का वाटावी?

उत्तर : मर्यादांविषयीचे आपले म्हणणे बिनतोड आहे. १९६६ मध्ये संमत झालेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे १९ वे कलम हे स्वातंत्र्य मान्य करते आणि इतरांचे हक्क व प्रतिष्ठा, राष्ट्रीय सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य किंवा नीतिमत्ता यांच्या रक्षणासाठी त्यावर निर्बंध घालण्याची मुभाही देते. मात्र असा निर्बंध कायद्याने घातलेला असला पाहिजे आणि तो आवश्यक असला पाहिजे. आवश्यकतेची ही कसोटी मनाईपाशी संपत नाही. मनाई मोडल्याबद्दल दिलेल्या शिक्षेलाही ती लागू होते, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००४ मध्ये ‘कुम्पाना व मझारे विरुद्ध रोमानिया’ या खटल्यात दिलेला निकाल या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे. दोन पत्रकारांनी एका स्थानिक वृत्तपत्रात पालिकेच्या एका कंत्राटाबाबत गैरव्यवहाराचे आरोप केले होते आणि सोबत नोटांनी भरलेली पिशवी घेऊन चाललेल्या स्त्री-पुरुषांचे व्यंगचित्र छापले होते. आरोपांना पुरेसा आधार नव्हता, त्यामुळे त्यांना दोषी ठरवणे न्यायालयाने गैर मानले नाही. तरीही सात महिन्यांचा कारावास, काही नागरी हक्कांना मुकणे आणि वर्षभर पत्रकारिता करण्यास बंदी ही शिक्षा प्रमाणाबाहेरची असल्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला, असा निर्णय त्याने दिला. राष्ट्राध्यक्षांनी माफी दिल्यामुळे दोघांनाही तुरुंगात जावे लागले नव्हते. तेवढ्यानेही न्यायालयाचे मत बदलले नाही. दोष खरा असूनही शिक्षा हक्काचा भंग करू शकते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

मर्यादेत राहणाऱ्याला भीती का वाटावी, याचे कारण असे की आपण मर्यादेत आहोत की नाही, हे लिहिताना खात्रीने कळत नाही. ते निकालानंतर कळते. संपादक खटल्याची शक्यता असलेला मजकूर हातात घेतो, तेव्हा संभाव्य दंड झेपण्याजोगा असेल तर तो कागदपत्रे पुन्हा तपासतो आणि बातमी छापतो. समोर तुरुंग असेल तर आधी नाव गाळले जाते, मग रक्कम गाळली जाते, आणि उरलेल्या परिच्छेदात काही अर्थ राहत नाही म्हणून तोही काढला जातो. त्यातले प्रत्येक वाक्य खरे असू शकते. शिक्षेचा असा धाक दोषी व्यक्तीपुरता राहत नाही, आणि वाचकाला आपण कशाला मुकलो याचा पत्ताही लागत नाही, ही मला यातली सर्वांत गंभीर बाब वाटते.

दिवाणी दाव्यांतही हेच घडते. इंग्लंडमध्ये १९८९ मध्ये एका बदनामीच्या दाव्यात ज्यूरीने १५ लाख पौंडांची भरपाई ठरवली. एवढी रक्कम आणि तिला आळा घालणाऱ्या पुरेशा तरतुदींचा अभाव यांमुळे हक्काचा भंग झाल्याचे युरोपीय न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले.

याचा अर्थ बदनाम झालेल्या माणसाला वाऱ्यावर सोडावे, असा मुळीच नाही. खुलासा, चूक दुरुस्त करून प्रसिद्ध करणे आणि झालेल्या हानीच्या प्रमाणात भरपाई हे मार्ग त्याच्यासाठी खुले असलेच पाहिजेत. मात्र बदनामीसाठी कारावास ही शिक्षा कधीच योग्य नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०११ मध्ये नमूद केले आहे. द्वेष पसरवणाऱ्या किंवा हिंसेला चिथावणी देणाऱ्या वक्तव्यांचा विचार वेगळा करावा लागतो. वर उल्लेख केलेल्या रोमानियाच्या निकालातही अशा अपवादात्मक प्रसंगी कारावासाला वाव ठेवलेला आहे.