सांगलीकडं 'नाद खुळा' आणि 'विषय हार्ड' म्हणतात, म्हणजे नक्की काय?

नाद म्हणजे छंद, खुळा म्हणजे येडा, पण दोन्ही जोडलं की अर्थ होतो एकदम जबरदस्त, म्हणजे भडंगाचा पहिला घास तोंडात गेला, लसूण-मिरची झणकन लागली की आपसूक निघतं 'नाद खुळा!' 'विषय हार्ड' पण कौतुकच, इथं हार्ड म्हणजे अवघड नाही, तोड नाही असं. पण 'नाद करू नको' कुणी म्हणालं तर सावध व्हा, ती तंबी आहे, माझ्या वाटेला जाऊ नको अशी. 'इस्कोट झाला' म्हणजे सगळा विचका. आणि वाक्याच्या शेवटचा 'की' ऐका, 'बस की', 'जेव की', त्यात हुकूम नसतो हो, आग्रह असतो, मला तर सगळ्यात गोड तोच वाटतो.