घरी कातलेल्या लोकरीने पोस्टकार्डाएवढं चित्र विणतेय, पण ताणा (उभे धागे) सारखा तुटतो. काय चुकतंय?

कातलेली लोकर ताण्याला लावताय, तेच चुकतंय. घोंगडीचा लोकरी ताणासुद्धा चिंचोक्याची खळ दिल्यावरच माग सोसतो. तुम्ही सरळ सुती दोरा उभा लावा, सेंटिमीटरला 4-5 दोरे, आणि लोकर फक्त आडवी भरा. विणल्यावर ताणा दिसता कामा नये. दिसलाच तर लोकर जाड आहे किंवा दोरे फार दाट लागलेत.

रंगांचं गणित आपल्या पैठणीचंच. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी (धागा गुंडाळलेली काडी), आणि दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवायचे, नाहीतर मधे फट राहते.

मी विणलेली पहिली कडुलिंबाची डहाळी मधोमध डमरूसारखी आवळली होती (घरचे अजून हसतात). आडवा धागा मी ओढून बसवत होतो. तो कमानीसारखा सैल टाका आणि मग जेवणाच्या काट्याने खाली ठोका.

कातलेल्या धाग्याला वेटोळी पडत असतील तर पीळ जास्त झालाय. लड भिजवा, खाली हलकंसं वजन अडकवून सावलीत टांगा. परभणीच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत वाळते.